कमाई सुरू असलेल्या यूट्यूब चॅनलसाठी कोणतं एडिटिंग सॉफ्टवेअर घ्यावं?

लॅपटॉपला १६ जीबी रॅम आणि वेगळं ग्राफिक्स कार्ड असेल, तर डाविंची रिझॉल्व्हची मोफत आवृत्ती. वॉटरमार्क येत नाही, व्यावसायिक वापर चालतो, ४के, सेकंदाला ६० फ्रेमपर्यंत एक्सपोर्ट होतं. मात्र लिनक्सवर ही मोफत आवृत्ती एच.२६४ फाइल (मोबाइल-कॅमेऱ्यांचा नेहमीचा व्हिडिओ प्रकार) उघडतच नाही. ८ जीबीच्या मशीनवर तिच्या नादी लागू नका. केडेनलाइव्ह किंवा शॉटकट ही मोफत सॉफ्टवेअर घ्या आणि प्रॉक्सी (एडिटिंगपुरत्या हलक्या प्रती) चालू ठेवा. फिल्मोराची मोफत आवृत्ती वॉटरमार्क टाकते, म्हणून ती फक्त हात बसवायला.

मोबाइलचं फुटेज बहुधा बदलत्या फ्रेमरेटचं असतं. मग दहाव्या मिनिटाला ओठ आणि आवाज जुळत नाहीत, आणि दोष सॉफ्टवेअरला दिला जातो. आधी हँडब्रेक या मोफत कन्व्हर्टरमध्ये 'कॉन्स्टंट फ्रेमरेट' निवडून फाइल बदला, मगच टाइमलाइनवर घ्या.

पैसे खरे अडकतात ते संगीतात. सॉफ्टवेअरचा परवाना वेगळा, त्यातल्या गाण्यांचा, टेम्पलेटचा वेगळा. ॲपमध्ये गाणं मिळालं म्हणून ते कमाईच्या व्हिडिओत चालेलच असं नाही. कंटेंट आयडीचा (यूट्यूबच्या कॉपीराइट ओळखणाऱ्या यंत्रणेचा) दावा आला की त्या व्हिडिओचं उत्पन्न दावेदाराकडे जाऊ शकतं. यूट्यूबची स्वतःची ऑडिओ लायब्ररी वापरा.

एक्सपोर्ट: १०८०पी, ३० फ्रेमला बिटरेट (सेकंदाला जाणारा डेटा) ८ एमबीपीएस, ऑडिओ ४८ किलोहर्ट्झ.

आणि विकत घेण्याआधी ट्रायलमध्ये शीर्षकात 'क्षत्रिय', 'दुर्मीळ' लिहून बघा. जोडाक्षरं किंवा रफार तुटत असतील, तर मराठी चॅनलला ते सॉफ्टवेअर निरुपयोगी.