पोट दाबलं, पण बाळ रडण्याआधी की नंतर?

ताई, तुम्ही लिहिलंय की तालुक्याच्या सरकारी रुग्णालयात वहिनींच्या मांडीवर चापट्या मारल्या, पोट दाबलं, भूल न देता टाके घातले आणि घरी आल्यावर कार्डावर तांबी बसवल्याची नोंद दिसली. यातलं ‘असंच असतं’ किती आणि आता काय करता येईल, असा तुमचा प्रश्न आहे.

चापट आणि ‘तेव्हा नाही का कळलं’ छापाचे टोमणे कुठल्याच उपचारात बसत नाहीत. रात्रपाळीला एकटीच सिस्टर असते, हे खरं. पण त्याचा जाब प्रशासनाला विचारायचा, त्याची किंमत बाळंतिणीने का मोजायची? बाकीच्या गोष्टी मात्र नीट सोडवून बघा. तक्रार तिथेच टिकते किंवा पडते.

पोट दाबलं म्हणजे कधी? वहिनींना एवढंच विचारा: बाळाचं रडणं ऐकू आलं त्याआधी की नंतर? आधी, कळ आली की वरून कोपराने किंवा दोन्ही हातांनी रेटलं असेल, तर ते करू नये असं जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१८ च्या सूचनांमध्ये स्पष्ट आहे. त्याने गर्भाशय फाटू शकतं, बाळाला इजा होते, चीर गुदद्वारापर्यंत जाते. वार पडल्यावर पोटावरून गर्भाशय चोळून घट्ट करणं ही वेगळी गोष्ट. ते दुखतं, पण रक्तस्राव रोखण्यासाठी असतं. तेही सांगून करायला हवं, एवढंच.

इंजेक्शनचंही तसंच. बाळ झाल्यावर मांडीत ऑक्सिटोसिनचे (गर्भाशय आकुंचन पावायला लावणारं औषध) १० युनिट देतात, ते योग्यच. तेच औषध कळा वाढवायला आधी द्यायचं तर सलाईनमधून, थेंब मोजून. स्नायूत टोचलं की परत काढता येत नाही. कळांमध्ये उसंत राहत नाही आणि बाळाला प्राणवायू कमी पडतो.

टाक्यांबद्दल. पहिलटकरणीला बाळ बाहेर यायला योनीमुखाशी सरसकट छेद देणं ही जुनी खोड आहे, शास्त्र नाही. द्यायचाच झाला तर अर्धा टक्का लिग्नोकेन (जागा बधिर करणारं औषध) सुमारे १० मिली टोचायचं, २ मिनिटं थांबायचं, चिमट्याने हलकेच धरून बघायचं. जाणवलं तर आणखी २ मिनिटं थांबायचं. चुकतं ते याच दोन मिनिटांत. डोकं दिसू लागेपर्यंत भूल भरलेलीच नसते, मग थेट कात्री चालते. टाके घालेपर्यंत भूल उतरली असेल तर पुन्हा द्यायची असते. ‘एवढ्या कळा सोसल्यास, आता याचं काय’ या बोलण्याला वैद्यकीय अर्थ नाही.

तांबीची गोष्ट सगळ्यात गंभीर. तिची चर्चा गरोदरपणातल्या तपासण्यांमध्येच व्हायला हवी. ऐन कळांमध्ये पुढे सरकवलेल्या कागदावरची सही ही संमती नव्हे. एका प्रक्रियेची संमती दुसऱ्या प्रक्रियेला लागू होत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २००८ मध्ये समीरा कोहली प्रकरणात सांगितलंय.

आता कागद. वैद्यकीय अधीक्षकांकडे वहिनींच्या सहीचा अर्ज द्या आणि पोचपावतीवर आवक क्रमांक घ्या. संपूर्ण केसपेपर, प्रसूतीचा आलेख आणि संमतिपत्रं, तिन्हींची नावं घेऊन मागा. नाहीतर डिस्चार्ज कार्डाची झेरॉक्स हातात ठेवतात. २००२ च्या वैद्यक परिषद नियमांनुसार डॉक्टरांनी नोंदी ७२ तासांत द्यायच्या असतात. टाळाटाळ झाली तर माहिती अधिकाराचा अर्ज करा.

तक्रारीत ‘वाईट वागणूक दिली’ असं मोघम लिहू नका. तारीख, अंदाजे वेळ, कोणती पाळी, नेमके शब्द, कुठे मारलं, तेव्हा तिथे कोण होतं, हे लिहा. वहिनींना आठवतंय तोवरच टिपून ठेवा. ग्रामीण किंवा उपजिल्हा रुग्णालय असेल तर तक्रार जिल्हा शल्यचिकित्सकांकडे जाते. प्राथमिक आरोग्य केंद्र असेल तर जिल्हा आरोग्य अधिकाऱ्यांकडे. एक प्रत ‘आपले सरकार’ पोर्टलवर टाका. ग्राहक आयोगात (पूर्वीचा ग्राहक मंच) जा असं कोणी सुचवेल, पण सगळ्यांना मोफत सेवा देणारी रुग्णालयं सर्वोच्च न्यायालयाच्या १९९५ च्या निकालानुसार ग्राहक संरक्षण कायद्याखाली येत नाहीत. खासगी रुग्णालय असतं तर तो रस्ता होता, मुदत २ वर्षांची.

पुढच्या खेपेला सोबतीला एक बाई प्रसूतिगृहात न्या. केंद्र सरकारने २०१६ मध्येच तशी मुभा दिली आहे. नात्यातली, शक्यतो स्वतः बाळंत झालेली, स्वच्छ कपड्यातली बाई चालते. नाव आधीच तपासणीच्या वेळी सांगून ठेवा. ऐनवेळी दारावर वाद घालून आत सोडत नाहीत.

आणि हे कागदांच्याही आधी बघा: वहिनींना वारा किंवा शौच आवरत नसेल, टाक्यांतून पू येत असेल, ताप असेल, तर लगेच स्त्रीरोगतज्ज्ञाला दाखवा. तांबी नको असेल तर ती सरकारी दवाखान्यात मोफत काढून मिळते. सुरुवातीचे काही आठवडे तिचा दोरा हाताला लागेलच असं नाही, म्हणून घरी ओढून बघू नका.