सनद बाजूला ठेवण्याआधी

चिरंजीव,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र दोनदा वाचलं. वर्षभर वकिली बंद ठेवून कादंबरी पुरी करायची असा तुझा बेत आहे आणि त्याला आधार म्हणून तू अमेरिकी कादंबरीकार जॉन ग्रिशमचं नाव पुढे केलं आहेस. त्यानेही वकिली सोडली, हे खरं. पण कधी सोडली ते नीट बघ.

ग्रिशम मिसिसिपीतल्या साउथहेवनमध्ये वकील होता. फौजदारी बचाव आणि अपघात भरपाईचे दावे, म्हणजे तू रोज चालवतोस तसलंच काम. 1981 साली कायद्याची पदवी घेतली आणि 1983 साली राज्याच्या विधिमंडळावर निवडून गेला. घरी लहान मुलं. एवढा व्याप सांभाळून त्याने पहिली कादंबरी लिहिली, ‘अ टाइम टू किल’. तिला तीन वर्षं लागली. पहाटे पाचला उठायचं आणि कामाची वेळ होईपर्यंत लिहायचं, लीगल पॅडवर, हाताने. तू म्हणतोस की कोर्टामुळे तुला वेळ मिळत नाही. त्यालाही मिळत नव्हता. त्याने तो झोपेतून काढला.

ती कादंबरी सुचली कुठे? डेसोटो काउंटीच्या कोर्टात. बलात्कार झालेल्या बारा वर्षांच्या मुलीची साक्ष त्याने तिथे ऐकली आणि मनात प्रश्न आला, या मुलीच्या बापाने त्या नराधमांना ठार मारलं असतं तर? इथे जरा थांब, कारण तुझ्या पाठवलेल्या प्रकरणांमध्ये मला नेमकी हीच गोष्ट खटकली. ग्रिशमने त्या मुलीचा खटला उचलून कागदावर उतरवला नाही. कोर्टातून तो एक प्रश्न घेऊन निघाला आणि माणसं, गाव, खून, सुनावणी सगळं स्वतः रचलं. तू मात्र तुझ्या पक्षकाराची फाइलच कादंबरीत घातली आहेस. नाव बदललंस, पण त्याच्या गावातला कोणीही दोन पानांत ओळखेल. पक्षकार आपल्याला जे विश्वासाने सांगतो ते आपल्या पोटातच राहिलं पाहिजे. आणि पीडितेची ओळख उघड करणं हा तर भारतीय न्याय संहितेच्या कलम 72 खाली गुन्हा आहे. ती दोन्ही प्रकरणं काढून टाक. मनापासून सांगतो, कादंबरी त्याने दुबळी होणार नाही.

घ्यायचं ते वेगळंच असतं. परवा साक्षीदाराला वेळ विचारली तेव्हा तो म्हणाला, ‘म्हशीची धार काढून झाली होती, चूल पेटायची होती.’ जबाबात काय आलं? सायंकाळी सहाच्या सुमारास. कोर्टाला तेवढं पुरतं, ते बरोबरच आहे. पण धार, चूल, उत्तर देताना त्याने हातातल्या टोपीची केलेली सुरळी, हे जबाबात येत नाही आणि ते तुझ्या वहीत यायला हवं. घरी बसलास तर हे तुला कोण आणून देणार?

ग्रिशमची पुढची हकिकत तुला ठाऊक असेल, पण अर्धीच. हस्तलिखित एकामागून एक प्रकाशकांनी नाकारलं. शेवटी विनवुड प्रेस या छोट्या प्रकाशनाने 5,000 प्रती छापल्या. त्यातल्या 1,000 त्याने स्वतः विकत घेतल्या आणि हिंडून विकल्या. पुस्तक चाललं नाही. माझ्या मते ते त्याचं सर्वांत जिवंत पुस्तक आहे, नंतरच्या कित्येक कादंबऱ्यांत कथानक पळतं आणि माणसं मागे राहतात. तरी ते तेव्हा चाललं नाही.

त्याचं आयुष्य वाचवलं ते एका सवयीने. पहिली कादंबरी संपली त्याच्या दुसऱ्या दिवशी त्याने दुसरी सुरू केली, ‘द फर्म’. प्रकाशकांच्या उत्तरांची वाट पाहत बसला नाही. ती दुसरी अजून कुणी छापायला घेतलेली नसताना पॅरामाउंट या चित्रपट कंपनीने तिचे चित्रपट हक्क 6 लाख डॉलरना घेतले. मग डबलडे या प्रकाशकाने पुस्तक घेतलं, आणि 1991 साली ते न्यूयॉर्क टाइम्सच्या सर्वाधिक खपाच्या यादीत 47 आठवडे राहिलं. वकिली आणि विधिमंडळ त्याने सोडलं ते हा पैसा हातात आल्यावर. आता सांग, तू यातल्या कोणत्या टप्प्यावर आहेस? तुझी पहिली निम्मी झाली आहे. घरभाडं आहे, आईची औषधं आहेत. पैशाच्या विवंचनेत लिहिलेलं पान घाईचं होतं, हे मी अनेकांच्या बाबतीत पाहिलंय.

आणखी एक गोष्ट मला फार मोलाची वाटते. प्रसिद्धीच्या शिखरावर असताना, 1996 साली, तो पुन्हा कोर्टात उभा राहिला. रेल्वेच्या दोन डब्यांमध्ये चिरडून मेलेल्या ब्रेकमनच्या, म्हणजे गाडीचे ब्रेक सांभाळणाऱ्या कामगाराच्या, कुटुंबाला त्याने आधी शब्द दिला होता. तो पाळला आणि ज्युरीकडून 6,83,500 डॉलर मिळवून दिले. दहा वर्षांनी ओक्लाहोमातल्या रॉन विल्यमसनवर त्याने सत्यकथा लिहिली. न केलेल्या खुनासाठी अकरा वर्षं तुरुंगात, फाशीपासून पाच दिवसांवर जाऊन परत आलेला माणूस. डीएनए तपासणीने तो सुटला. असं पुस्तक लिहायला वकिलाचा राग लागतो, आणि तो राग फायली चाळल्याशिवाय येत नाही.

तर सनद, म्हणजे वकिलीचा परवाना, स्थगित करू नकोस. तशी गरजही नाही, वकिलाने कादंबरी लिहू नये असा नियम नाही. सोमवारच्या नव्या फायली महिनाभर कमी घे, मी तुझ्या दोन तारखा सांभाळतो. रोज एक पान, कमी नाही. आणि पुढचं प्रकरण हाती घेण्याआधी शेवट काय होणार ते मला एका कागदावर लिहून दे. ग्रिशम आराखडा बांधल्याशिवाय लिहायला बसत नाही. तुझ्या कादंबरीत बाप शेवटी कबुली देतो की नाही, हे तुलाच अजून ठरवता आलेलं नाही असं मला वाचताना जाणवलं. शनिवारी कोर्टातली वकिलांची बार रूम रिकामी असते, अकरापर्यंत तो कागद घेऊन ये.

तुझा,
काका