काहीच त्रास नाही, तरी क्लॅमिडियाची टेस्ट करायची का?

वय २२, एकच पार्टनर, त्रास शून्य, आणि तुम्ही विचारताय की क्लॅमिडियाची (संबंधांतून लागणाऱ्या एका जंतूची) टेस्ट केली तर पुढे ओटीपोटात होणारं इन्फेक्शन (पीआयडी) टळतं का. करा टेस्ट. पण निगेटिव्ह आली म्हणजे वर्षभर निवांत, असं धरून चालू नका.

मी लॅबमध्ये सॅम्पलच्या काउंटरला असते. पॉझिटिव्ह आलेल्या मुलींचं पहिलं वाक्य ठरलेलं, "पण मला तर काहीच होत नाहीये!" अहो हीच तर गोम आहे, क्लॅमिडिया झालेल्या बहुतेक बायकांना काहीच जाणवत नाही, जंतू गर्भाशयाच्या तोंडाशी गुपचूप बसून असतो आणि काहीजणींच्यात वर सरकत गर्भनलिकांपर्यंत जातो, तिथे सूज येते, नळ्या आतून चिकटतात, मग दिवस राहायला अडचण, नाहीतर गर्भ नळीतच राहणं, नाहीतर कायमचं दुखणं मागे लागतं. गनोरियाचंही (हाही संबंधांतूनच लागतो) साधारण तेच, म्हणून दोन्ही टेस्ट बहुतेकदा एकाच स्वॅबवर, म्हणजे योनीत फिरवलेल्या कापसाच्या काडीवर, होतात.

आता निवांत राहू नका असं का म्हणते. लंडनमध्ये जवळपास २५०० विद्यार्थिनींवर एक ट्रायल झाली, २०१० साली छापून आली. सगळ्यांनी स्वतःच स्वॅब घेऊन दिले, अर्ध्या जणींचे लगेच तपासले आणि बाकीच्यांचे वर्षभर तसेच ठेवले. सुरुवातीला क्लॅमिडिया असलेल्यांपैकी ज्यांचे स्वॅब लगेच तपासले त्यांच्यात वर्षभरात १.६ टक्के मुलींना पीआयडी झाला, आणि ज्यांचे ठेवून दिले त्यांच्यात ९.५ टक्के. फरक दिसतोय ना? पण गंमत पुढे आहे, एकूण ज्यांना पीआयडी झाला त्यातल्या बहुतेकींना सुरुवातीला क्लॅमिडिया नव्हताच! काहींना नंतर लागला असेल, काहींना दुसऱ्याच जंतूंमुळे झाला असेल. अमेरिकेत तर संबंध येत असलेल्या २५ च्या आतल्या मुलींना दरवर्षी टेस्ट सांगतात, आणि पार्टनर बदलला तर मी म्हणेन वर्ष पूर्ण व्हायची वाट बघू नका.

टेस्टला घाबरण्यासारखं काही नाही, कापसाची काडी योनीत दोनेक इंच आत घालून हळूहळू फिरवायची आणि ट्यूबमध्ये टाकून झाकण लावायचं, बाथरूममध्ये स्वतःच करता येतं. (काडी चुकून खाली पडली तर उचलून वापरू नका, दुसरी मागा, लाजायचं काय त्यात.)

पॉझिटिव्ह आली तर डॉक्टर बहुतेक डॉक्सीसायक्लिन ७ दिवस देतात, प्रेग्नंट असाल तर आधी सांगा, तेव्हा गोळी वेगळी असते. पार्टनरनेही औषध घ्यायलाच हवं, नाहीतर तुम्ही बऱ्या होणार आणि त्याच्याकडून परत घेऊन येणार, आमच्याकडे दुसऱ्यांदा आलेल्या बऱ्याच जणींचं हेच झालेलं असतं. ३ महिन्यांनी परत एक टेस्ट.

आणि ओटीपोट दुखतंय, संबंधाच्या वेळी आत खोल दुखतंय किंवा नंतर रक्त जातंय, सोबत ताप आहे, असं काही असेल तर रिपोर्टची वाट बघत बसू नका, त्याच दिवशी डॉक्टरला दाखवा, कारण अशा वेळी डॉक्टरसुद्धा रिपोर्ट यायच्या आधीच औषध चालू करतात.