ॲम्बेसेडरचे रॉकर किती टाइट करायचे?

प्रश्न असा: «ॲम्बेसेडरचं १४८९ सीसी पेट्रोल इंजिन पूर्ण खोलून बांधलंय. व्हिडिओत सांगतात, गॅप शून्य करून वर अर्धा फेरा द्या. मिस्त्री म्हणतो, फिलर गेज कशाला, मी कानाने लावतो. कोणाचं ऐकू?»

दोघांचंही नको. रॉकर म्हणजे व्हॉल्व्ह दाबून उघडणारा छोटा दांडा: कॅम टॅपेटला उचलतो, टॅपेट पुशरॉड नावाच्या सळईला, आणि ती रॉकरला. गॅप म्हणजे रॉकर आणि व्हॉल्व्ह यांच्यातली फट, ती फिलर गेजच्या पातळ पट्ट्यांनी मोजतात.

तो अर्धा फेरा शेव्हरोलेच्या स्मॉल ब्लॉकसारख्या अमेरिकन व्ही-८ साठी आहे. तिथे टॅपेट हायड्रॉलिक, म्हणजे ऑइलच्या दाबावर चालणारा असतो, आतला प्लंजर थोडा दाबून ठेवायला तो फेरा लागतो. तुमचं इंजिन ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशनचं (बीएमसी) बी-सिरीज, टॅपेट भरीव. अर्धा फेरा दिलात तर व्हॉल्व्ह सीटवर, म्हणजे आपल्या बैठकीवर, टेकणारच नाही.

पेडेस्टलचे (रॉकर शाफ्ट धरणाऱ्या ठोकळ्यांचे) नट आवळण्याआधी आठही ॲडजस्टिंग स्क्रू सैल करून घ्या आणि पुशरॉडचं खालचं टोक टॅपेटच्या वाटीत बसलंय याची खात्री करा. घाईत हेच राहतं. स्क्रू घट्ट असताना शाफ्ट खाली ओढला की पुशरॉड वाकतो. शंका असेल तर काचेवर लोळवून बघा, वाकलेला लगेच डुगडुगतो. छोटे नट मधून बाहेर, थोडे थोडे करत, २५ फूट-पाउंडावर. मोठे नट सिलिंडर हेडच्या स्टडवरचेच, त्यामुळे ते हेडच्या क्रमाने आणि हेडच्याच टॉर्कने (आवळण्याच्या जोराने). म्हणूनच नंतर कधी रॉकर शाफ्ट काढावा लागला तर पाणी काढून हेडचे सगळे नट सैल करायचे. फक्त एका बाजूचे केले तर हेड पीळ खातं.

आता गॅप: इंजिन थंड, इनलेट-एक्झॉस्ट दोन्हींना १५ थाऊ (इंचाचे हजारावे भाग), म्हणजे ०.३८ मिमी. प्लग काढून हँडलने फिरवा. व्हॉल्व्ह पुढून मोजायचे आणि जोडीच्या नंबरांची बेरीज ९: आठवा व्हॉल्व्ह पूर्ण दाबलेला असताना पहिला लावा, सहावा दाबलेला असताना तिसरा, चौथ्यावर पाचवा, सातव्यावर दुसरा, मग याच जोड्या उलट. १५ ची पट्टी हलकी ओढ घेत सरकली पाहिजे, १६ ची जाता कामा नये. स्क्रू मायनस स्क्रूड्रायव्हरने धरून लॉकनट आवळा आणि पट्टी परत घाला. नटाबरोबर स्क्रू केसभर फिरतोच, आणि रॉकरच्या रेशोमुळे तो फरक व्हॉल्व्हकडे वाढून येतो.

राहिला कान. टॅपेट गप्प झाला की गिऱ्हाईक खूश, आणि इथेच माझं गॅरेजवाल्यांशी कधी पटत नाही. एक्झॉस्ट व्हॉल्व्ह आपली बरीचशी उष्णता सीटवर बसल्यावरच बाहेर देतो. गॅप कमी असेल तर गरम झाल्यावर दांडा लांबतो, व्हॉल्व्ह पुरता बसत नाही, आणि त्या फटीतून जाळ निघत राहतो. आधी आयडलिंगला एक सिलिंडर चुकतं, मग काही दिवसांत व्हॉल्व्हच्या कडेला चावा घेतल्यासारखी खाच पडते. वाजणारा टॅपेट त्रास देतो, गप्प बसवलेला हेड उतरवायला लावतो.

एक मात्र मान्य: १५ वर लावूनही टकटक येत असेल तर रॉकरचं तोंड बघा. व्हॉल्व्हच्या दांड्याने तिथे खळगा पाडलेला असतो, पट्टी त्या खळग्यावरून पुलासारखी जाते, आणि खरा गॅप जास्त निघतो. मिस्त्री अशा वेळी स्क्रू आवळतो. रॉकर बदलायचा किंवा तोंड घासून सपाट करून घ्यायचं. शाफ्ट-बुश ढिले असतील तर तेही आत्ताच.

स्टार्ट करण्याआधी प्लग न लावताच, रॉकरवर ऑइल दिसेपर्यंत फिरवा. नवं गॅस्केट बसलं की हेड किंचित खाली येतं आणि गॅप घटतो. म्हणून सातआठशे किलोमीटरनंतर थंड इंजिनावर आधी हेडचा टॉर्क, मग सगळे टॅपेट पुन्हा.

हो, हे आकडे डिझेलला किंवा नंतरच्या इसुझू इंजिनाला लावू नका.