कच्च्या कैद्याला एकट्याला कोठडीत ठेवणं आणि हातकडी घालून कोर्टात नेणं कायदेशीर आहे का?

तुम्ही लिहिलंय की तुमचा भाऊ कच्चा कैदी आहे, म्हणजे त्याचा खटला अजून संपलेला नाही. बराकीत मारामारी झाली तेव्हापासून, म्हणजे तीन आठवडे, तो एका कोठडीत एकटाच आहे आणि तारखेला त्याला हातकडी घालून आणतात. कारण विचारलं की ‘सुरक्षेसाठी’ एवढंच ऐकायला मिळतं.

मी फौजदारी वकील आहे आणि हा शब्द मी पुष्कळदा ऐकलाय. फार सोयीचा आहे तो. ‘शिक्षा’ म्हटलं की शिक्षा नोंदवही आली, कारण लिहिणं आलं, मुदत आली. सुरक्षेला मुदत नसते. त्यामुळे आज कोणी कुणाला ‘एकांतवास’ देत नाही, नुसतं ‘वेगळं ठेवतात’. खोली तीच, दार तेच.

कायद्यात एकांतवास ही कोर्टाने द्यायची शिक्षा आहे, तीही सक्तमजुरी झालेल्यालाच. जुन्या दंड संहितेतली ७३ आणि ७४ ही कलमं आता भारतीय न्याय संहितेत ११ आणि १२ झाली आहेत. एकूण ३ महिन्यांच्या वर नाही, एका वेळी १४ दिवसांच्या वर नाही, आणि मध्ये तेवढीच सुटी. (विधी आयोगाने १९७१ सालीच ही कलमं काढून टाका म्हटलं होतं. २०२३ मध्ये नवी संहिता करताना ती उचलून तशीच ठेवली.) तुमच्या भावाला अजून शिक्षाच झालेली नाही, म्हणजे हा रस्ता बंद.

तुरुंगात शिस्त मोडली तर अधीक्षकाला स्वतःचे अधिकार असतात. १८९४ च्या तुरुंग कायद्याच्या कलम ४६ मध्ये ते आहेत. काही राज्यांनी त्याच्या जागी नवे कायदे केलेत, तेव्हा तुमच्या राज्यात काय लागू आहे ते वकिलाकडून बघून घ्या. पण हा जुना कायदा वाचला की मला दरवेळी गंमत वाटते, कारण इंग्रजांनीसुद्धा यात बारीक फरक केलेत. कोठडीबंदी १४ दिवसांपर्यंतच. दुसरा प्रकार ३ महिन्यांपर्यंत चालतो, पण त्यात रोज निदान तासभर व्यायाम आणि जेवायला सोबत कुणीतरी कैदी हवा. दोन्हीत बोलणं तोडता येतं, पण इतर कैदी नजरेला पडले पाहिजेत. शिवाय कलम २९ सांगतं की २४ तासांहून जास्त कोठडीत असलेल्याला वैद्यकीय अधिकाऱ्याने किंवा त्याच्या सहायकाने रोज पाहायचं. आज कुणी रोज पाहतं का, हे भावाला नक्की विचारा.

यावरचा मोठा निकाल १९७८ चा, सुनील बत्रा खटल्यातला. बत्राला फाशीची शिक्षा सुनावली होती, पण ती अंतिम व्हायची होती. तरी तिहारमध्ये त्याला एकट्याला ठेवलं होतं. सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं की वेगळं ठेवण्याच्या कलमाआडून तुरुंगाला एकांतवास देता येणार नाही. त्याच खटल्यात कुख्यात गुन्हेगार चार्ल्स शोभराजच्या दंडाबेडीचा, म्हणजे पायातल्या लोखंडी दांड्याच्या बेडीचाही प्रश्न होता. त्यानंतर १९७९ मध्ये बत्राच्याच दुसऱ्या प्रकरणात कोर्टाने सांगितलं की शिक्षेसारखी कोठडी द्यायची तर सत्र न्यायाधीशांच्या नजरेखालून जायला हवं. तातडी असेल तर २ दिवसांत त्यांना कळवायचं. तुमच्यासाठी सगळ्यात कामाचं वाक्य हे आहे.

तुरुंगवाल्यांची बाजूही खोटी नाही. मारामारीनंतर दोघांना एका बराकीत ठेवता येत नाही, आणि जिवाच्या भीतीने काही कैदी स्वतःच वेगळी कोठडी मागतात. पण त्यासाठी दोन-चार दिवस आणि दुसरी बराक पुरते. माझा एक अशील महिनाभर एकटा होता. मुलाकातीला आला तो इतक्या भरभर बोलत होता की मला एक शब्द कळेना. मग एकदम गप्प झाला आणि जाताना म्हणाला, “साहेब, आणखी थोडं बसा ना.” केसबद्दल त्याने काही विचारलंच नाही.

आता हातकडी. १९८० च्या प्रेमशंकर शुक्ला निकालात हातकडी हा नियम नव्हे, अपवाद ठरला: पळून जाण्याचा खरा धोका असेल तरच, कारण लिहून, आणि ते मॅजिस्ट्रेटसमोर ठेवून. गुन्हा गंभीर आहे एवढं कारण पुरत नाही. १९९५ मध्ये आसामात रुग्णालयातल्या खाटेला बांधलेल्या स्थानबद्धांचं प्रकरण आलं, तेव्हा कोर्टाने मॅजिस्ट्रेटची परवानगी आधी घ्या असं बजावलं. १ जुलै २०२४ पासून जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या जागी लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ४३(३) ने मात्र खून, बलात्कार, दहशतवाद, संघटित गुन्हेगारी, अमली पदार्थ अशा ठरावीक गुन्ह्यांत अटकेच्या वेळी आणि कोर्टात हजर करताना हातकडी ‘लावू शकतो’ असं म्हटलंय. ‘लावावीच’ असं म्हटलेलं नाही. तुमच्या भावावरचं कलम त्या यादीत आहे का, ते आधी तपासा.

मी तुमच्या जागी असतो तर अधीक्षकाशी वाद घालत बसलो नसतो. ज्या कोर्टात केस चालू आहे तिथेच अर्ज द्या आणि त्यात चारच गोष्टी मागा: कोठडीचा लेखी आदेश, तो कुणी काढला, किती दिवसांचा आहे, आणि वैद्यकीय नोंदी. सत्र न्यायाधीशांना कळवलं होतं का, हेही त्यातच विचारा. वकील परवडत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जा. कोठडीत असलेल्या माणसाला तिथे उत्पन्नाची अट नाही. आणि पुढच्या तारखेला भावाला सांगून ठेवा, पुकारा झाल्यावर हातकडीसकट हात वर करून न्यायाधीशांना दाखव आणि ‘हे रोजनाम्यात (कोर्टाच्या त्या दिवसाच्या नोंदीत) लिहा’ म्हण.