जर्मनीला येऊ का, असं विचारणाऱ्या कंग्राळीच्या मुलीला

तुझा प्रश्न वाचला. नर्सिंग झालंय, जर्मनची बी-टू परीक्षा सुटलीय, न्युर्नबर्गकडच्या एका वृद्धाश्रमाचं पत्र हातात आहे. नवरा बेळगावच्या उद्यमबागेतल्या कारखान्यात टर्नर, पोरगा पाच वर्षांचा. आधी एकटीनं जावं की तिघांनी मिळून निघावं, आणि शेवटी जरा बिचकतच, 'ताई, तिथं लई एकटं वाटतं काय?'

दोन ओळींत उत्तर देता आलं असतं. पण मी खानापूर तालुक्यातली, तुझ्यासारखीच मराठी शाळेत शिकलेली. तुझ्या प्रश्नानं माझंच काहीबाही वर आलं. तेव्हा लांबेल, सवडीनं वाच.

व्हिसा, पदवीची मान्यता, पगाराची अट हे सगळं दूतावासाच्या पानावर आहे. ते मला विचारू नकोस. एकटेपणाचंही आधीच उरकते. येतं. ड्यूटी लागली की जातं. रविवारी इथं दुकानं बंद, रस्ते ओस. तो दिवस कपडे धुवायला आणि घरी फोन करायला ठेव. झालं.

आता कागद. तुझ्या कागदांवर गावाचं नाव काय आहे ते आजच बघ. १ नोव्हेंबर २०१४ ला सरकारनं 'बेलगाम'चं 'बेळगावी' केलं. माझ्या पासपोर्टवर पहिलं, नंतर काढलेल्या जन्मदाखल्यावर दुसरं. त्यात आडनाव. शाळेनं मराठीवरनं इंग्रजीत लिहिलेलं एक, कन्नड नोंदवहीतून इंग्रजीत गेलेलं दुसरं, आणि कॉलेजनं आपल्या मनानं घातलेलं तिसरं. नाडकचेरीतून, म्हणजे तहसीलच्या हाताखालच्या महसूल कचेरीतून, तहसीलला, तहसीलमधनं परत नाडकचेरीला. एका खिडकीवरच्या माणसानं वैतागून कन्नडात विचारलं, मग तुम्ही ह्यातल्या नक्की कोण? प्रश्न मला कळला होता. उत्तर देण्याइतकं कन्नड येत नव्हतं.

इकडच्या कार्यालयात वेगळीच तऱ्हा. आजी जन्मली मुंबई इलाख्यात, वडील १९५८ साली म्हैसूर राज्यात, मी कर्नाटकात. बाई कौतुकानं म्हणाल्या, तुमचं कुटुंब बरंच फिरलेलं दिसतं. आमची पडवीसुद्धा हललेली नाही, हे त्यांना कसं सांगणार? मी हसले आणि सही केली.

ते कळलं फक्त मी नर्स आहे त्या वॉर्डातल्या एका आजींना. त्यांचा जन्म ब्रेस्लाऊचा. १९४५ नंतर ते शहर पोलंडमध्ये गेलं, त्याचं व्रोत्सवाफ झालं, आणि जर्मन लोकांना घरदार सोडून निघावं लागलं. आजी तेव्हा शाळकरी होत्या. रोज रात्री त्या बूट पलंगाशी ठेवायच्या, नाड्या सैल करून, टोकं दाराकडं. आमचा नियम असा की बूट कपाटात, कुणी अडखळून पडायला नको. एखादी नवी मुलगी ते उचलून ठेवायची आणि आजी रात्रभर तळमळायच्या. मी ते टेबलाखाली सरकवून ठेवायला लागले, हात पुरेल असे. माझ्या आजीच्या ट्रंकेत शेतसाऱ्याच्या पावत्या कापडात बांधलेल्या असायच्या, कुणी मागितल्या तर असाव्यात म्हणून. कुणीच कधी मागितल्या नाहीत. मी गावाच्या नावाचा घोळ सांगितला तेव्हा ब्रेस्लाऊच्या आजी एवढंच म्हणाल्या, मग तुलाही जन्मगाव लिहिताना थांबावं लागत असेल. लागतं.

आता जे मी कुणाला बोलत नाही ते. माझे वडील १९८६ च्या कन्नडसक्तीविरोधी आंदोलनात लाठ्या खाल्लेले. १ जूनला हिंडलग्याच्या हुतात्मा स्मारकावर जायचं आणि १ नोव्हेंबरला, कर्नाटकाच्या स्थापनादिनी, काळे कपडे घालून सायकल फेरीत, हे आमच्या घरात सणवारासारखं ठरलेलं. कन्नड ही अर्जावरची, बसच्या पाटीवरची, नोटिशीची भाषा. ती येत नाही ह्याची आम्हा भावंडांना थोडी ऐटच होती. आणि जर्मन? ती मी टिळकवाडीतल्या एका खोलीत, पहाटे उठून, पैसे मोजून शिकले. सक्ती तीही होती, पोटाची. पण तिच्याविरुद्ध फेरी निघत नाही. वडील चुकले असं मी म्हणत नाही. त्यांच्या पाठीवरचे वळ मी पाहिलेले नाहीत, आईनं पाहिलेत. तरी इथं कुठल्या नामाला 'देअर' लागतं की 'दी' की 'दास' हे घोकताना मधूनच वाटायचं की एवढ्या कष्टात कन्नड किती आलं असतं.

आमच्या वॉर्डात धारवाडची एक मुलगी आहे. बेळगावहून धारवाड गाडीनं दीड-दोन तासांवर. सुरुवातीला कित्येक महिने आम्ही दोघी एकमेकींशी जर्मनमध्ये बोलत होतो. तिला मराठी समजतं, मला कन्नड अर्धंमुर्धं, पण तोंड उघडलं की जर्मन. एका रात्रपाळीला डबा उघडताना ती म्हणाली, 'ऊटा आयता?', जेवण झालं का, आणि माझ्या तोंडून आपसूक 'आयतु', झालं, निघालं. आता मी तिच्याशी मोडकंतोडकं कन्नड बोलते, ती व्याकरण सुधारते. वडिलांना फोनवर हे सांगितलं. ते 'बरं' म्हणाले आणि तिकडं थंडी किती आहे ते विचारलं.

आता पोरगा, जे तुझ्या खऱ्या कामाचं. मान्यता मिळेपर्यंत मी मदतनीस होते, त्या पगारात घर परवडत नव्हतं. नवरा आणि पोरगा आले तोवर तो तिसरीत जाण्याएवढा झाला होता. न्युर्नबर्ग ज्यात येतं त्या बायर्न राज्यात चौथीच्या मे महिन्यात पोरांची वाटणी होते. जर्मन, गणित आणि परिसर अभ्यासासारखा एक विषय, ह्या तिन्हींची सरासरी काढतात. इथं १ म्हणजे सगळ्यात चांगला. २.३३ पर्यंत आलं तर गिम्नाझियम, म्हणजे विद्यापीठाकडं नेणारी शाळा, २.६६ पर्यंत रिआलशूले, ती मधली, त्यापुढं मिटेलशूले, ती कामधंद्याकडं नेणारी. माझ्या पोराला गणितात १, जर्मनमध्ये ४, परिसरात ३. आला २.६६ वर, अगदी काठावर. परिसरात ३ का, तर बीच आणि मेपलची पानं नावानिशी सांगता आली नाहीत. हाच पोरगा कणकुंबीच्या रानात पानावरनं किंजळ कुठला आणि जांभूळ कुठलं हे मला सांगायचा.

त्याच्या वर्गाच्या बाई चांगल्या होत्या. म्हणाल्या, वाट नंतरही बदलता येते. ते खरं आहे, रिआलशूलेनंतर पुढं शिकायची सोय आहे. पण त्यांच्यासमोर बसले आणि मला ती तहसीलची खिडकी आठवली. सगळं कळत होतं, भांडण्याइतकी भाषा नव्हती. पोरगा आता तिथं रमलाय, फुटबॉल खेळतो, त्याला काहीच वाटत नाही. तेही मला खुपतं बघ.

एक तुर्की आजोबा होते आमच्याकडं, १९६१ च्या करारानंतर कारखान्यांत आलेल्यांपैकी. आयुष्यभर जर्मन बोलले, पण विस्मृती वाढत गेली तशी ती गळाली आणि तुर्कीच उरली. ह्या आजारात नंतर शिकलेली भाषा बऱ्याचदा आधी जाते. लेक येऊन आम्हाला अर्थ सांगायची. नातू शेजारी बसून राहायचा, त्याला काही कळायचं नाही. त्या आठवड्यात मी पोराला म्हटलं, माझ्याशी मराठीतच बोलायचं. तो म्हणाला, 'वारूम?' म्हणजे कशाला. अजून मी त्याला धड उत्तर दिलेलं नाही.

तर तू असं कर. तू पुढं ये, पण पोराला पहिलीच्या आधी आण. पहिली सहाव्या वर्षी, सप्टेंबरात सुरू होते. किंडरगार्टनात काही महिने मिळाले तरी तो भाषा उचलेल. घर एका खोलीचं असलं तरी चालेल, तिसरीची वाट बघू नकोस. टर्नरला इथं काम आहे, पण नवऱ्याला जर्मन आत्ताच, बेळगावातच सुरू करायला सांग. इथं पाळ्यांमध्ये क्लास होत नाही. आणि सगळ्या कागदांवरच्या नावांचे फोटो मला पाठव. फरक असेल तिथं करायच्या प्रतिज्ञापत्राचा मसुदा माझ्याकडं आहे. कंग्राळी बुद्रुक की खुर्द तेही सगळीकडं एकसारखं लिहून घे, नाहीतर इथले लोक दोन वेगळी गावं समजतील, आणि ह्या वेळी त्यांचं बरोबर असेल.