स्क्रिप्टमधलं टोकन काढलं, पण गेलं कुठे?

स्क्रिप्टची लॉगिनची पद्धत बदलणारा कोड पहिल्यांदाच तपासतोयस ना? मग डिफमधल्या, म्हणजे जुन्या-नव्या कोडमधला फरक दाखवणाऱ्या यादीतल्या, लाल (काढलेल्या) ओळी आधी वाच. स्क्रिप्टमधून टोकन (पासवर्डसारखी गुप्त किल्ली) काढलं म्हणून लगेच शाबासकी नको. गिट कोडच्या जुन्या आवृत्त्या जपून ठेवतं, त्या इतिहासात ते तसंच पडून आहे. जुनं टोकन रद्द केलं का, हे विचारल्याशिवाय मंजुरी देऊ नकोस.

आता टोकन स्क्रिप्टपर्यंत पोचण्याची नवी वाट. टोकन कमांडच्या आर्ग्युमेंटमधून (कमांडपुढे लिहून) जात असेल, तर त्याच लिनक्स मशीनवरच्या दुसऱ्या कुणालाही ते साध्या 'पीएस'ने (चालू प्रोसेसची यादी दाखवणाऱ्या कमांडने) दिसू शकतं. एन्व्हायर्न्मेंट व्हेरिएबल (प्रोग्रामला बाहेरून मिळणारी सेटिंग) त्यातल्या त्यात बरं, पण ते प्रत्येक चाइल्ड प्रोसेसकडे, म्हणजे स्क्रिप्टने सुरू केलेल्या प्रोग्रामकडे, आपोआप जातं. आणि बॅश स्क्रिप्टच्या वरच कुणी 'सेट -एक्स' (चालणारी प्रत्येक कमांड छापण्याची सूचना) लिहून ठेवलं असेल तर सगळं लॉगमध्ये छापून येतं. माझ्या नजरेतून हे एकदा सुटलं होतं. रात्री अकरा वाजता टोकनं बदलत बसलो होतो!

एडब्ल्यूएस (ॲमेझॉनची क्लाउड सेवा) असेल तर आणखी एक गंमत. कोडमध्ये वेगळं काही सांगितलं नसेल तर बोटो३ (एडब्ल्यूएससाठीची पायथन लायब्ररी) आधी एन्व्हायर्न्मेंट व्हेरिएबल बघतं, क्रेडेन्शियल (ओळखीच्या किल्ल्यांची) फाइल नंतर. टर्मिनलमध्ये जुनं व्हेरिएबल राहिलं असेल तर स्क्रिप्ट भलत्याच खात्यावर चालते, तीही निमूटपणे. म्हणून ब्रँच (बदललेल्या कोडची प्रत) स्वतः चालवून बघ.

लॉगिनची मुदत संपल्यावर काय होतं तेही पाहा. एसटीएसचा (एडब्ल्यूएसच्या तात्पुरत्या किल्ल्या देणाऱ्या सेवेचा) रोल घेतला की सेशन एरवी १ तासाचं असतं. त्यानंतर स्क्रिप्ट 'पुन्हा लॉगिन करा' म्हणते, की नुसता ट्रेसबॅक (एररचा लांबलचक मजकूर) फेकते? आणि सीआयवर (कोड आपोआप तपासणाऱ्या सर्व्हरवर) ब्राउझर उघडून लॉगिन करायला कुणी बसलेलं नसतं, हे लेखकाला विचारच.